पाणी नसलेले पोलाद

सायंकाळच्या सुमारास स्वारगेटच्या चौकात सारे पुणे एकवटल्यासारखे भासते. सातारा-कोल्हापूरकडे निघालेले एसटीचे उतारू, पीएमपीच्या थांब्यांवरील रांगा आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोच्या जिन्यांवरून वर येणारा नवा प्रवासीवर्ग, या साऱ्यांच्या वाटेत पदपथाच्या कडेला कोठेतरी एखादे मेणकापड अंथरलेले असते. त्यावर पान्यांचे संच, पकडी, स्क्रूड्रायव्हर आणि हातोड्या ओळीने मांडलेल्या असतात. दिव्याच्या उजेडात त्या अशा लखलखतात की, कचेरीतून परतणाऱ्या कारकुनाची किंवा वसतिगृहाकडे निघालेल्या विद्यार्थ्याची पावले थबकावीत. घरी नळ गळत असतो, दुचाकीची साखळी सैल झालेली असते, पंख्याचा स्क्रू करकरत असतो. प्रत्येक किरकोळ दुरुस्तीसाठी कारागिराला बोलावणे परवडणारे नाही; तेव्हा चार हत्यारे घरात असलेली बरी, असा विचार कोणीही समंजस गृहस्थ करील. तो संच हातात घेतो, वजन अजमावतो, थोडी घासाघीस करतो आणि समाधानाने बसमध्ये चढतो.

हे समाधान पहिल्या घट्ट नटापर्यंत टिकते. जोर लावताच पान्याचा जबडा फाकतो, पाना निसटतो, नटाचे कोन गोल होतात आणि बोटांची साले निघतात. आता तो नट उत्तम पान्यानेही सुटत नाही. ज्या कारागिराचे पैसे वाचवावयाचे होते, त्याच्याकडेच जावे लागते आणि मूळ कामाच्या जोडीला बिघडलेल्या नटाचीही मजुरी द्यावी लागते. स्वस्त अवजाराची खरी किंमत ही अशी नंतर चुकती होते. परंतु पैशांहूनही मोठी हानी वेगळीच असते. त्या गृहस्थाची अशी समजूत होते की, हे काम आपल्यासारख्याचे नव्हे. दोष पोलादाचा असतो, आणि तो माथी मात्र घेतो हातांच्या. ज्या समाजातील शिकलेला वर्ग हातकामापासून आधीच चार पावले दूर आहे, त्या समाजात ही समजूत क्षुल्लक मानता येणार नाही.

चकाकी कशाची, बळ कशाचे?

अवजाराची गुणवत्ता ओळखणे कठीण का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. दोन पाने शेजारी ठेवले तर त्यांचा आकार सारखा, वजन जवळपास सारखे, आणि क्रोमियमचा मुलामा तर हलक्या पान्यावर कदाचित अधिकच झगझगीत असतो. फरक आहे तो आत. चांगला पाना मिश्र पोलादाचा तापलेला तुकडा साच्यात घणाखाली घडवून तयार होतो. हलका पाना पुष्कळदा ओतीव असतो किंवा साध्या मऊ लोखंडाच्या पट्टीतून कापलेला असतो. घडीव पोलादाची वीण आकाराच्या वळणाबरोबर वळते. ओतीव वस्तूत पोकळ्या राहण्याचा धोका असतो, आणि ती वाकण्याऐवजी अवचित तुटते.

तथापि घडणीहूनही महत्त्वाचा संस्कार पुढचा. ज्याला लोहार पोलादाला पाणी देणे म्हणतात, तोच तो. पोलाद लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड केले की ते कठीण होते. पण त्याचबरोबर ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. कठीणपणा अधिक राहिला तर स्क्रूड्रायव्हरचे टोक काचेसारखे उडते. कमी राहिला तर ते पिळवटते. पान्याला चिवटपणा हवा, पकडीच्या कापण्याच्या धारेला त्याहून अधिक काठिण्य हवे, आणि हातोडीचे डोके पृष्ठभागावर कठीण पण आतून चिवट हवे. प्रत्येक अवजाराचे पाणी निराळे. मराठीत तेजस्वी माणसाला पाणीदार म्हणतात, ते उगीच नव्हे. गंमत अशी की, हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो केवळ मुलामा. आणि मुलाम्याची जाडी केसाच्या जाडीच्याही एका अंशाएवढीच असते.

ज्यावर सारे अवलंबून आहे ते अदृश्य, आणि ज्यावर काहीच अवलंबून नाही ते डोळ्यांपुढे, अशी ही परिस्थिती आहे. अशा बाजाराचे काय होते, याचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले होते. २००१ साली त्यांना विभागून मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हेच विवेचन होते. विक्रेत्याला मालाचा गुण ठाऊक, ग्राहकाला नाही. मग ग्राहक चांगल्या मालालाही जादा दाम मोजण्यास धजत नाही. चांगला माल करणाऱ्याला तो परवडेनासा होतो. आणि हळूहळू हलका माल चांगल्याला हुसकावून लावतो. मेणकापडावरील पान्याच्या संचाला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. पोलाद सुधारण्यावर खर्च करणाऱ्यापेक्षा मुलाम्यावर खर्च करणारा तेथे अधिक लवकर खपतो.

लोहार गेला, नाव राहिले पाहिजे

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न उद्भवत नव्हता असे नाही; परंतु त्याचे उत्तर जवळ होते. बलुतेदार लोहाराने शेवटलेला नांगराचा फाळ पहिल्याच तासाला बोथट झाला, तर शेतकरी तो घेऊन त्याच दिवशी भात्यापाशी हजर होई. लोहार उद्याही गावातच असावयाचा होता आणि त्याचे बलुते सुगीला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर मिळावयाचे होते. गुणवत्तेची हमी कागदावर नव्हती. ती कारागिराच्या सान्निध्यात होती.

स्वारगेटच्या गर्दीत हे सान्निध्य संपले. पाना कोणी घडविला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि विकणारा उद्या याच जागी असेल याचीही खात्री नसते. त्याला दोष देऊन भागणार नाही. तोही पोटासाठी बसलेला असतो, जो माल घाऊक बाजारात मिळतो तो विकतो, आणि पोलाद पारखण्याचे साधन त्याच्यापाशीही नसते. त्याला पदपथावरून हुसकावले म्हणजे मालाची गुणवत्ता सुधारेल, असे मानणे हा भाबडेपणा होय. तोच माल मग काचेच्या कपाटातून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून विकला जाईल.

हरवलेल्या सान्निध्याची जागा घेऊ शकेल अशी एकच गोष्ट आधुनिक बाजारात आहे, आणि ती म्हणजे नाव. पोलादात ठसा उमटवून कोरलेले उत्पादकाचे नाव, खोक्यावरील पत्ता, दुकानदाराची पावती, प्रमाणन चिन्हाखालील परवाना क्रमांक, या साऱ्यांचा अर्थ एवढाच की, माल वाईट निघाला तर जाब कोणाला विचारावयाचा हे ठाऊक आहे. अवजार विकत घेताना ग्राहक वस्तुतः दोन गोष्टी विकत घेत असतो: एक पोलाद आणि दुसरे उत्तरदायित्व. पहिले पारखणे कठीण. दुसरे पारखणे फारसे कठीण नाही.

मोठ्या संस्था हे जाणतात. याच स्वारगेटला पीएमपीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिकडे दापोडीला एसटीची आहे. अशा कार्यशाळांसाठी अवजारे घेणाऱ्या संस्थेला विनिर्देश लिहिता येतो, नमुना मागविता येतो, माल सदोष निघाल्यास देयक रोखता येते. एकट्या ग्राहकापाशी यांतले काहीच नसते. कार्यशाळेची भिंत आणि बाहेरचा पदपथ यांत अंतर थोडे. पण एकीकडे पोलादाला प्रश्न विचारणारी यंत्रणा आहे आणि दुसरीकडे केवळ डोळ्यांवर विसंबणारा माणूस आहे.

ग्राहकाच्या हाती काय?

तरीही ग्राहक अगदीच निःशस्त्र नाही. पाना घ्यावयास निघताना खिशात त्याच मापाचा एक नवा नट-बोल्ट ठेवला, तर निम्मी परीक्षा दुकानातच उरकते. बहुतेक दुचाक्यांना ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटर ही मापे पुरतात. जबड्याच्या दोन्ही कडा समांतर आहेत काय, नव्या नटावर पाना सहज बसून इकडेतिकडे हलत तर नाही ना, हे पाहावे. शक्य तेथे उघड्या जबड्याच्या पान्याऐवजी रिंग पाना वापरावा. तो नटाला चहूबाजूंनी धरीत असल्याने कोन मरण्याचा धोका कमी होतो. मुलाम्याला पोपडे, काठांना खरखर किंवा ओतीव वस्तूवर असते तशी खडबडीत शिवण दिसल्यास तो पाना खाली ठेवावा.

पक्कड उजेडासमोर मिटून धरावी. टोकाशी जबडे एकमेकांना नीट भिडले पाहिजेत आणि सांधा बाजूला हलता कामा नये. तांब्याच्या बारीक तारेचा तुकडा धारेत धरून पाहावा. तो स्वच्छ कापला गेला पाहिजे, चेपला जाता कामा नये. स्क्रूड्रायव्हरची दांडी मुठीत फिरते काय हे पिळून पाहावे, आणि काचेच्या फळीवर तो घरंगळवून दांडी सरळ असल्याची खात्री करावी. ज्याला बाजारात सरसकट ‘स्टार’ म्हणतात, त्या चौफुलीच्या टोकाचीही मापे निरनिराळी असतात. लहान टोक मोठ्या खाचेत फिरविले की अवजार आणि स्क्रू दोन्ही वाया जातात. हातोडीच्या दांड्याचे रेषे उभे व सरळ हवेत आणि डोक्यात पाचर घट्ट बसलेली हवी. तिची कठिणता पाहण्यासाठी एका हातोडीवर दुसरी आपटण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये. कठीण पोलादाची कपची उडून डोळा जाऊ शकतो.

कानशीची परीक्षा सर्वांत बोलकी असते. मऊ लोखंडात नवी कानस सहज रुतते. पाणी दिलेल्या पोलादावर ती अडखळते, आणि पकडीच्या धारेवर तर जवळजवळ घसरतेच. ही परीक्षा कोणताही दुकानदार करू देणार नाही, हे उघड आहे. पण एक पाना घरी आणून त्याच्या दांड्यावर ती करून पाहिली, तर त्याच नावाचा उरलेला संच घ्यावा की नाही, हे ठरविता येते.

‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरे पान्यावर असली म्हणजे काम झाले, असा एक समज आहे. हे मिश्र पोलाद उत्तम खरे. पण ठसा कोणालाही मारता येतो, आणि खऱ्या मिश्र पोलादालाही नीट पाणी दिलेले नसेल तर ते कुचकामी ठरते. दुसरा समज अधिक घातक आहे. साध्या पकडीच्या मुठींवर प्लास्टिकचे आवरण असते, ते हाताला सुखावह वाटावे म्हणून. विजेपासून संरक्षण देण्याची त्याची हमी नसते. विद्युतरोधक म्हणून प्रमाणित केलेल्या अवजारावर १००० व्होल्ट हा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण असते. घरातील वीज २३० व्होल्टची आहे, आणि जीव घेण्यास ती पुरेशी आहे. म्हणून खूण असो वा नसो, मुख्य बटण बंद करूनच तारेला हात लावावा.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. वर्षातून दोनदा लागणाऱ्या पान्यासाठी मध्यमवर्गीयाने इतका खर्च व इतका खटाटोप का करावा? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर संख्येत आहे. गृहस्थाला चोवीस नगांचा संच लागतच नाही. रोज लागणारी तीन मापे, एक पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि एक हातोडी, एवढ्यावर घराची बहुतेक कामे भागतात. झगमगीत संचाच्या पैशांत या सातांपैकी दोन उत्तम वस्तू येतील. उरलेल्या पुढच्या महिन्यांत एकेक करून घेता येतील. चित्र टांगण्यासाठी खिळा ठोकावयाचा तर हलकी हातोडीही चालेल. जेथे जोर, धार किंवा वीज यांच्याशी गाठ आहे, तेथे मात्र काटकसर महागात पडते.

कायदा आहे, पण ऐंशी रुपयांसाठी?

पुण्याला ग्राहकाच्या हक्कांची भाषा नवी नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती ग्राहक संरक्षण कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी. १९८६ च्या त्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली, आणि सदोष उत्पादनाने झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला व विक्रेत्याला जबाबदार धरण्याची स्पष्ट तरतूद त्यात आली. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता व कमाल किंमत, तसेच आयात मालावर मूळ देश छापण्याचे बंधन आहे. मानकांची व्यवस्था तर त्याहूनही जुनी. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ मध्ये प्रमाणन चिन्हाचा कायदा झाला, आणि १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आले. उघड्या जबड्याच्या पान्यांसाठी आय. एस. २०२८, पकडीसाठी आय. एस. ३६५० अशी मानके लिहिलेली आहेत. आय.एस.आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली परवान्याचा क्रमांक असतो, आणि तो परवाना खरा की खोटा हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पाहता येते.

म्हणजे कायदा आहे, मानक आहे, चिन्हही आहे. मग अडते कोठे? ऐंशी रुपयांची पक्कड तुटली म्हणून कोणी जिल्हा आयोगाची पायरी चढत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, हे खरे. पण दिवस मोडतो त्याचे काय? हानी प्रत्येकाची थोडी आणि सर्वांची मिळून प्रचंड, असे जेथे असते, तेथे व्यक्तीचा हक्क कागदावरच राहतो. तेथे उपाय सामुदायिकच असावा लागतो.

तो फारसा खर्चिकही नाही. १८५४ साली ज्याची मुळे रुजली त्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, धातुशास्त्राचा विभाग आहे. पोलादाची कठिणता मोजणे हा तेथील विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचाच भाग. ग्राहक संघटनांनी बोहरी आळी, नाना पेठ आणि स्वारगेटचा पदपथ येथून वर्षातून एकदा पान्यांचे व पकडींचे नमुने पावतीसह, जेथे पावती मिळत नाही तेथे तशी नोंद करून, विकत घ्यावेत. विद्यार्थ्यांनी त्यांची कठिणता मोजावी, ती मानकाशी ताडून पाहावी. आणि निष्कर्ष वृत्तपत्रांतून प्रसिद्ध व्हावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना या कामात सहज ओढता येईल. जे पाणी डोळ्यांना दिसत नाही, ते आकड्यांत दिसू लागेल, आणि उत्तम माल करणाऱ्याला त्याचे दाम मागण्याचे धैर्य येईल.

निर्यातीचे स्वप्न आणि घरचा ग्राहक

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास आणखी एक कारण आहे. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये हातअवजारे व वीजअवजारे यांच्या निर्यातीसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिलेल्या आकड्यांनुसार हातअवजारांचा जागतिक व्यापार सुमारे ३४ अब्ज डॉलरचा आहे. त्यात चीनचा वाटा १३ अब्जांचा, तर भारताचा अवघा ६० कोटी डॉलरचा, म्हणजे १.८ टक्के आहे. चीनच्या तुलनेत भारतीय मालाला १४ ते १७ टक्के जादा खर्च पडतो, असेही तो अहवाल म्हणतो. कच्चा माल, व्याज, वाहतूक, कारखान्यांचा लहान आकार ही कारणे खरीच आहेत, आणि त्यांवरील उपाय सरकारने करावयाचे आहेत.

या देशाला हे कसब नवे नाही. जालंधर आणि लुधियाना येथील अवजारे परदेशी बाजारांत जातात. महाराष्ट्रातही १९६५ साली स्थापन झालेल्या टपारिया टूल्सचा कारखाना नाशिकला उभा राहिला. रत्नागिरी व चिपळूण येथे कानशींचे कारखाने निघाले. पण निर्यातीची मजल मारू पाहणाऱ्या उद्योगाचा पाया घरच्या बाजारातच भक्कम व्हावा लागतो. घरचा ग्राहक चोखंदळ असेल तर कारखानदार शिस्तीत राहतो. घरचा ग्राहक चकाकीला भुलत असेल, तर परदेशासाठी वेगळा माल आणि स्वारगेटसाठी वेगळा माल, अशी दुहेरी नीती रुजते. १.८ टक्क्यांचा आकडा वाढविण्याच्या कामात पुण्यातील एखाद्या शिक्षकाने मागितलेली पावतीही खारीचा वाटा उचलू शकते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करता यावी, हा विचार स्तुत्य आहे. परंतु दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळाला आणि हातातला पाना मेणाचा निघाला, तर त्या हक्काचे करावयाचे काय? हक्काला हत्याराची जोड लागते, आणि हत्याराला पाण्याची.

दरवर्षी खंडेनवमीला घराघरांत आणि कार्यशाळांत अवजारे पुसून मांडली जातात, त्यांना हळदकुंकू लावून झेंडूची फुले वाहिली जातात. हातांना बळ देणाऱ्या साधनांविषयीची ही कृतज्ञता सुंदर आहे. मात्र ज्याची पूजा करावयाची, ते विकत घेताना वर्षातून एकदाही न पारखणे हे त्या कृतज्ञतेशी विसंगत आहे. स्वारगेटच्या मेणकापडापुढे थबकलेल्या ग्राहकाने पुढच्या वेळी पानाची चकाकी पाहण्याआधी त्यावरचे नाव शोधावे, खिशातला नट त्यात बसवून पाहावा, आणि नाव नसेल तर पुढे चालू लागावे. तसे करणाऱ्यांची संख्या वाढेल, तसतसा त्या मेणकापडावरचा मालही बदलू लागेल.